भित्र्या उंदरांना लागू पडलेला जिवाणू: जेबी-१चं प्रकरण

आतड्यातले जिवाणू बदलून चिंतेवर उपचार होऊ शकतो का, हा प्रश्न एवढा ऐसपैस आहे की त्यावर कुणीही काहीही म्हणू शकतो आणि म्हणतोही. म्हणून इथे एकच जिवाणू आणि त्याच्या दोनच परीक्षा घेतल्या आहेत. पहिली २०११ची, उंदरांवरची. तीत तो पहिल्या श्रेणीत आला. दुसरी २०१७ची, माणसांवरची. तीत त्याच्या पदरी भोपळा पडला. दोन्ही परीक्षा घेणारी मंडळी बरीचशी तीच, वाण तोच, रोजचा डोस आकड्याने तोच. एवढ्या गोष्टी सारख्या असल्यामुळे उरलेल्या कुठल्या फरकाने निकाल उलटला असेल, हे या प्रकरणात नीट तपासता येतं. अशी संधी या विषयात फार कमी मिळते.

जिवाणूचं नाव लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस, वाण जेबी-१. २०२० साली लॅक्टोबॅसिलस हे मोठं कुटुंब मोडून त्याची बरीच लहान कुटुंबं करण्यात आली, त्यामुळे आता त्याला लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस म्हणतात. पाकिटावर दोन्हीपैकी कुठलंही नाव दिसलं तरी जिवाणू एकच.

उंदरांच्या प्रयोगाआधी काय ठाऊक होतं

या कथेची सुरुवात जपानमध्ये आहे. क्यूशू विद्यापीठातल्या सुडो आणि सहकाऱ्यांनी २००४ साली पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेले, म्हणजे आतड्यात एकही जिवाणू नसलेले उंदीर घेतले. त्यांना नळीत अडकवून ठेवलं की त्यांच्या रक्तातली एसीटीएच आणि कॉर्टिकोस्टेरॉन ही ताणाची संप्रेरकं साध्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त वर जात. बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस हा एकच जिवाणू देऊन हा अतिरेक मागे घेता आला. साध्या उंदरांची विष्ठा देऊनही काही प्रमाणात सुधारणा झाली, पण ती लहान वयात दिली तरच. वय वाढल्यावर देऊन उपयोग झाला नाही. या वयाच्या मर्यादेकडे पुढे बऱ्याच जणांनी काणाडोळा केला.

२०११ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आणखी एक धागा आला. बाल्ब-सी जातीचे उंदीर स्वभावाने भित्रे असतात, तर एनआयएच स्विस जातीचे धीट. दोन्ही जातींचे जिवाणूविरहित उंदीर घेऊन एकाचे आतड्यातले जिवाणू दुसऱ्याला दिले, तर भित्रा थोडा धीट झाला आणि धीट थोडा भित्रा. निओमायसिन व बॅसिट्रॅसिन ही प्रतिजैविकं आणि बुरशीविरोधी पिमारिसिन पिण्याच्या पाण्यातून ७ दिवस दिल्यावरही वागणूक बदलली. विशेष म्हणजे हा बदल व्हेगस या मेंदू आणि पोट जोडणाऱ्या नसेवर अवलंबून नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण जेबी-१च्या प्रकरणात याच्या बरोबर उलट निष्कर्ष निघाला.

प्रयोग: २८ दिवस, रोज १०० कोटी

आयर्लंडमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कमधले जॉन क्रायन आणि टेड डायनन यांचा गट आणि हॅमिल्टनमधल्या मॅकमास्टरचा जॉन बिएनेनस्टॉक व पॉल फोर्साइथ यांचा गट यांनी मिळून हा प्रयोग केला. पहिले लेखक हाविएर ब्रावो. उंदीर सगळे प्रौढ नर, बाल्ब-सी जातीचे, म्हणजे वर सांगितलेले भित्रे.

एका गटाला रोज १०० कोटी जिवंत जिवाणू असलेला पोषकद्रव दिला. दुसऱ्या गटाला तोच द्रव, पण जिवाणूंशिवाय. हे २८ दिवस चाललं. द्रव थेट पोटात नळीने सोडला जातो. ही क्रिया उंदराला स्वतःच ताण देणारी आहे, म्हणून नियंत्रण गटालाही ती करावीच लागते. नाहीतर नळीचा परिणाम जिवाणूच्या खात्यावर जमा होतो.

मग कसोट्या. जमिनीपासून उंचावर ठेवलेला अधिकच्या चिन्हासारखा मंच: दोन बाहू भिंतींचे, दोन उघडे. उंदीर साधारण ५ मिनिटं त्यावर सोडतात. भित्रा उंदीर भिंतीच्या आडोशाला राहतो, कमी भित्रा उघड्या बाहूंवर जाऊन येतो. जेबी-१ घेतलेले उंदीर उघड्या बाहूंवर जास्त वेळा गेले. पाण्याच्या उभ्या भांड्यात सोडल्यावर ते कमी वेळ निश्चल तरंगले. त्या ताणानंतर त्यांच्या रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन नियंत्रण गटापेक्षा कमी चढलं. भीती शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची वेगळी कसोटीही घेतली, तीतही फरक आला.

इथे एक स्पष्ट करायला हवं. पाण्यात पोहण्याची कसोटी चिंतेची नाही. नैराश्यावरची औषधं चाळून काढण्यासाठी ती वापरली जाते, आणि निश्चल तरंगणं म्हणजे हताशा की शहाणपणाने ताकद वाचवणं, यावर त्या क्षेत्रात जोरदार वाद आहे. चिंतेबद्दल बोलायचं तर वजन उंच मंचाच्या निकालाला आणि संप्रेरकाच्या आकड्याला द्यावं.

मेंदूत काय बदललं? गाबा हे मेंदूतलं सर्वांत मोठं शमन करणारं रसायन; झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याच गोळ्या त्याच्याच ग्राहकांवर, म्हणजे हे रसायन पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनांवर, काम करतात. जेबी-१ दिलेल्या उंदरांत गाबा-बी१बी या ग्राहकाचा संदेश-आरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप) मेंदूच्या कॉर्टेक्समधल्या काही भागांत वाढला, तर हिप्पोकॅम्पस, अमिग्डला आणि लोकस सेरुलियस इथे घटला. गाबा-ए अल्फा-२चा मात्र पुढच्या कॉर्टेक्समध्ये आणि अमिग्डलात घटला, हिप्पोकॅम्पसमध्ये वाढला. म्हणजे गाबा सगळीकडे वाढलं असं झालेलं नाही. ठिकाणागणिक उलटसुलट बदल झाले. शिवाय मोजला तो संदेश-आरएनए, प्रत्यक्ष ग्राहक प्रथिन नाही. संदेश वाढला म्हणून प्रथिनही त्याच प्रमाणात वाढेल, असं गृहीत धरता येत नाही. हा बारकावा सोडून जेव्हा हा जिवाणू मेंदूतलं गाबा वाढवतो असं लिहिलं जातं, तेव्हा ते मूळ निष्कर्षाच्या बरंच पुढे जातं.

नस कापल्यावर

या प्रयोगाला खरी प्रसिद्धी मिळाली ती पुढच्या पायरीमुळे. व्हेगस ही मेंदूच्या बुंध्यातून निघून छाती-पोटापर्यंत जाणारी लांब नस. तिच्यातले बहुसंख्य तंतू, साधारण ८० टक्के, मेंदूकडून पोटाकडे नव्हे तर पोटाकडून मेंदूकडे बातमी नेतात. संशोधकांनी काही उंदरांची ही नस छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाखाली कापली. काहींवर तीच शस्त्रक्रिया केली पण नस शाबूत ठेवली. नस कापलेल्या उंदरांत जेबी-१चा वागणुकीवरचा परिणाम दिसला नाही, आणि गाबा-ए अल्फा-२मधले बदलही दिसले नाहीत.

जिवाणू रक्तात शिरत नाही, मेंदूत जात नाही. आतड्याच्या भिंतीतल्या संवेदक चेतापेशींवर त्याचा परिणाम होतो आणि तिथून व्हेगसमार्गे संदेश वर जातो, हा अर्थ त्यातून निघतो. तो सयुक्तिक आहे, कारण उंदराच्या आतड्याचा तुकडा बाहेर काढून त्यात जेबी-१ सोडलं तर चेतातंतूंचे ठोके काही मिनिटांत वाढतात, हेही नंतर याच मंडळींनी दाखवलं. पण व्हेगस कापणं ही बोथट हत्याराने केलेली तपासणी आहे. नस कापली की जठर रिकामं होण्याचा वेग, भूक, आतड्याची हालचाल सगळंच बदलतं. नस आवश्यक आहे एवढंच यातून सिद्ध होतं, ती पुरेशी आहे असं नाही. आणि त्याच वर्षी मॅकमास्टरच्या प्रतिजैविकांच्या प्रयोगात व्हेगसची गरजच पडली नव्हती. दोन्ही निकाल खरे असू शकतात: वेगवेगळे जिवाणू वेगवेगळ्या वाटांनी बोलतात. त्यामुळे आतडं-मेंदू दुवा म्हणजे व्हेगस, असं एका वाक्यात सांगणाऱ्यांपासून सावध राहावं.

माणसं, बर्फाचं पाणी आणि कॅमेरा

२०१७ साली कॉर्कच्याच गटाने माणसांवरचे निकाल प्रसिद्ध केले. पहिले लेखक जॉन केली. २९ निरोगी पुरुष स्वयंसेवक. रोज एक कॅप्सूल, तीत १०० कोटी जेबी-१. ४ आठवडे जिवाणू आणि ४ आठवडे प्लासिबो (दिसायला तशीच, पण जिवाणू नसलेली कॅप्सूल), प्रत्येकाला दोन्ही, क्रम चिठ्ठीने. म्हणजे प्रत्येक माणूस स्वतःचाच नियंत्रण गट.

ताण देण्याची पद्धत अशी की हात बर्फगार पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि समोर चेहऱ्यावर कुठलाही भाव न दाखवणारा निरीक्षक व कॅमेरा. थंडीच्या वेदनेत कुणीतरी आपल्याला जोखतंय ही भावना मिसळली की कॉर्टिसॉल हे माणसातलं ताणाचं संप्रेरक भरवशाने वाढतं. नुसत्या थंड पाण्याने ते तेवढं वाढत नाही. लाळेतलं कॉर्टिसॉल ताणाच्या आधी, दरम्यान आणि नंतर घेतलं. शिवाय मनःस्थिती, चिंता, ताण आणि झोपेच्या प्रश्नावल्या, स्मरण आणि अवधानाच्या संगणकीय चाचण्या, मेंदूलहरींचा आलेख, रक्तातली दाहाची रसायनं.

निकाल: कशातही फरक नाही. चिंतेत नाही, कॉर्टिसॉलमध्ये नाही, स्मरणात नाही, झोपेत नाही, दाहाच्या रसायनांत नाही. संशोधकांनी शीर्षकातच हे अपयश कबूल केलं, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं. स्वतःच्या गाजलेल्या जिवाणूविरुद्धचा निकाल दडवून ठेवणं या क्षेत्रात अवघड नाही.

बिनसलं कुठे

पहिली शंका उंदरांवर. बाल्ब-सी ही भावंडांत जुळवून पिढ्यान् पिढ्या पैदास केलेली जात आहे. तिचे सगळे उंदीर जवळजवळ जुळे असतात आणि सगळे घाबरट. औषध शोधायला हे सोयीचं, कारण सुधारणेला भरपूर जागा असते. यातलाच मॅकमास्टरचा गट पुढे जाऊन बाल्ब-सी आणि स्विस वेबस्टर या दोन जातींवर जेबी-१ देऊन बसला तेव्हा परिणाम पहिल्या जातीत दिसला, दुसऱ्या जातीत दिसला नाही. म्हणजे माणसाची गोष्ट दूरच, एका उंदराचा निकाल दुसऱ्या जातीच्या उंदराला लागू होत नव्हता. आमच्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली.

दुसरी शंका माणसांच्या निवडीवर. घाबरट उंदरांना लागू पडलेला उपाय निरोगी, निवांत पुरुषांवर तपासला. ज्याचे चिंतेचे गुण आधीच तळाला आहेत, त्याचे आणखी कमी कसे होणार? निरोगी लोकांवर पहिली चाचणी करण्यामागे सुरक्षिततेची आणि सोयीची कारणं असतात, ती समजण्यासारखी आहेत. पण अशा चाचणीतून चिंतारोगावर जेबी-१ निरुपयोगी आहे असा अर्थ काढता येत नाही, तसाच तो उपयोगी आहे असाही नाही. निरोगी पुरुषाच्या बर्फाच्या ताणावर तो काही करत नाही, इथपर्यंतच ती चाचणी बोलते.

तिसरी शंका डोसावर, आणि इथे थोडं गणित करावं लागतं. उंदीर साधारण २५ ग्रॅमचा, माणूस समजा ७० किलोचा. दोघांनाही १०० कोटी. वजनाच्या हिशोबाने माणसाला मिळाला तो डोस २,८०० पट कमी. औषधांचा डोस उंदरावरून माणसाला लावताना वजनाऐवजी शरीराच्या पृष्ठभागाचा हिशोब करतात. उंदराच्या दर किलोमागच्या डोसाला साधारण १२.३ने भागतात. तसं केलं तर ७० किलोच्या माणसाला सुमारे २३,००० कोटी जिवाणू लागतील, म्हणजे दिलेल्याच्या २३० पट. अर्थात हा हिशोब रक्तात विरघळणाऱ्या औषधांसाठी बनला आहे. जिवाणू आतड्याच्या नळीत राहतो, त्याच्यासाठी आतड्याचं क्षेत्रफळ आणि तिथे आधीपासून असलेल्या जिवाणूंची गर्दी महत्त्वाची. तरीही आकडा तोच म्हणून डोस तोच, हे म्हणणं टिकत नाही.

चौथी गोष्ट शरीररचनेची. उंदराच्या जठराच्या वरच्या भागात पाचकरस न सोडणारा, कडक अस्तराचा एक कप्पा असतो. त्याला लॅक्टोबॅसिलस चिकटून राहतात आणि तिथून सतत खाली झिरपत राहतात. माणसाला असा कप्पा नाही. शिवाय उंदीर स्वतःची आणि पिंजऱ्यातल्या सोबत्यांची विष्ठा खातात. दिलेला डोस त्यांना पुन्हा पुन्हा मिळत राहतो. माणसात बाहेरून आलेला जिवाणू बहुतेक वेळा पाहुणा असतो. घेणं बंद केलं की काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो विष्ठेत सापडेनासा होतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ साली ११ वाणांचं मिश्रण देऊन लोकांच्या आतड्यातून एंडोस्कोपीने नमुने घेतले, तेव्हा काहींच्या आतड्याने ते वाण रुजू दिले आणि काहींच्या आतड्याने सरळ हाकलून लावले. विष्ठेच्या नमुन्यावरून हा फरक नीट कळत नव्हता.

आणि एक, काहीशी तांत्रिक. प्रत्येकाला दोन्ही गोष्टी देण्याच्या रचनेत माणसं कमी लागतात, पण ताणाची चाचणी त्याच माणसावर वारंवार करावी लागते. दुसऱ्यांदा बर्फात हात घालताना काय होणार हे ठाऊक असतं, त्यामुळे कॉर्टिसॉल आपोआपच कमी चढू शकतं. स्मरणाच्या चाचण्यांत सरावाने गुण वाढतात. मोठा परिणाम असेल तर तो यातूनही दिसतो. छोटा असेल तर २९ जणांत हरवून जातो.

मग जेबी-१ची योग्य परीक्षा कशी असती? चिंताविकाराचं निदान झालेले स्त्री-पुरुष. दोन स्वतंत्र समांतर गट. किमान दोन डोस, त्यातला एक सध्याच्या शंभरपट. ८ ते १२ आठवडे. मुख्य मोजमाप एकच, ते आधी जाहीर केलेलं. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी विष्ठेत नेमका तो वाण पोहोचला का, याची डीएनए तपासणी. आणि कॅप्सूल उघडून चाचणीच्या शेवटच्या आठवड्यातही जिवाणू जिवंत आहेत का याची मोजणी. ही शेवटची पायरी स्वस्त असूनही वगळली जाते, आणि मग नकारार्थी निकाल जिवाणूचा की मेलेल्या कॅप्सूलचा हे कळत नाही.

त्याच कसोटीला बसलेले इतर

कॉर्कच्याच प्रयोगशाळेत, त्याच बर्फाच्या पाण्याच्या पद्धतीने बिफिडोबॅक्टेरियम लाँगमचा १७१४ हा वाण २२ निरोगी पुरुषांना ४ आठवडे दिला होता. त्यात कॉर्टिसॉल आणि जाणवलेली चिंता दोन्ही कमी झाली. २०१६चा हा निकाल. उंदरांत चमकलेला वाण माणसांत हरला आणि त्याच जागी दुसरा काहीसा जिंकला.

मॅकमास्टरने २०१७ साली बिफिडोबॅक्टेरियम लाँगमचाच एनसीसी३००१ हा वाण आतड्याच्या संवेदनशीलतेचा त्रास, म्हणजे आयबीएस, आणि सोबत सौम्य ते मध्यम चिंता किंवा नैराश्य असलेल्या ४४ जणांना ६ आठवडे दिला. जिवाणू गटातल्या २२पैकी १४ जणांचे नैराश्याचे गुण २ किंवा जास्त अंकांनी उतरले, प्लासिबोतल्या २२पैकी ७ जणांचे. चिंतेच्या गुणांत मात्र अर्थपूर्ण फरक पडला नाही. या अभ्यासाला नेस्लेचा निधी होता. तो चिंतेवरचा पुरावा म्हणून उद्धृत होताना दिसला तर समजावं की लिहिणाऱ्याने निकालाचा तक्ता उघडलेला नाही.

लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस आर००५२ आणि बिफिडोबॅक्टेरियम लाँगम आर०१७५ या जोडीची गोष्ट जेबी-१सारखीच. २०११च्या फ्रेंच चाचणीत ३०० कोटींच्या डोसाने ३० दिवसांत निरोगी लोकांचे ताणाचे गुण उतरले. २०१७ साली न्यूझीलंडमध्ये मनःस्थिती खालावलेल्या ७९ जणांना तीच जोडी ८ आठवडे दिली, तर प्लासिबोपेक्षा काहीही जास्त झालं नाही. इथे तर निरोगी लोक निवडल्याची सबबही चालत नाही.

ऱ्हॅम्नोससचाच एचएन००१ हा वाण न्यूझीलंडमध्ये ४२३ स्त्रियांच्या चाचणीत गरोदरपणाच्या १४-१६व्या आठवड्यापासून बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत दिला गेला, रोज ६०० कोटी. जिवाणू घेतलेल्या मातांचे बाळंतपणानंतरच्या चिंतेचे आणि नैराश्याचे गुण कमी होते. आकडा मोठा, निकाल आशादायक. पण प्रश्न मागाहून विचारले होते: बाळ जन्मल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांत कसं वाटत होतं, हे त्यांनी आठवून सांगितलं. आठवणीवर आजच्या मनःस्थितीचा रंग चढतो.

या सगळ्यावर २०१९ साली शांघायच्या डॉक्टरांनी एक आढावा घेतला: २१ चाचण्या, १,५०३ माणसं. ११ चाचण्यांत चिंता कमी झालेली. त्यातही जिवंत जिवाणू देणाऱ्या १४ चाचण्यांपैकी ५ यशस्वी, आणि जिवाणू न देता आहारात बदल करणाऱ्या ७पैकी ६. हा ७चा आकडा इतका लहान आहे की त्यावरून आहारच श्रेष्ठ असा निवाडा करू नये. पण कॅप्सूल म्हणजेच उपचार हे गृहीतक मात्र त्याने चांगलंच हलतं. ऑक्सफर्डमध्ये २०१५ साली गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड हा आपल्याच जिवाणूंना खाऊ घालणारा तंतू रोज ५.५ ग्रॅम, ३ आठवडे देऊन निरोगी लोकांचं सकाळी उठल्यावरचं कॉर्टिसॉल कमी झालेलं दिसलं होतं. तो घेणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात गॅस होतो, आणि आयबीएस असेल तर त्रास वाढतो.

पाकीट हातात घेतल्यावर

वाण म्हणजे काय हे समजायला तांदळापुरता विचार करावा. तांदूळ म्हटल्यावर इंद्रायणीही आली आणि कोलमही. पण एकाचा भात चिकट, दुसऱ्याचा मोकळा. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हे नुसतं तांदूळ म्हणण्यासारखं आहे. त्यापुढचं जेबी-१, एचएन००१, जीजी हे खरं नाव. पाकिटावर ते नसेल तर कुठल्याही चाचणीचा निकाल त्या पाकिटाला लागू होत नाही.

आपल्याकडे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमांनुसार प्रोबायोटिक, म्हणजे फायद्याचे जिवंत जिवाणू असलेलं, म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात दिवसाच्या शिफारस केलेल्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. हा किमान दर्जा आहे. वर आलेल्या चाचण्यांतले डोस त्याच्या दहापट ते शंभरपट होते. आकडा कधीचा हेही पाहावं: बनवतानाचा की मुदत संपेपर्यंतचा. मे महिन्यात नागपुरात ४५ अंशांत फिरलेल्या कुरिअरच्या खोक्यातली फ्रिजमध्ये ठेवायची कॅप्सूल छापील आकडा पाळेल अशी आशा करू नये. अतिसारासाठी मिळणारी बॅसिलस क्लॉसीची ५ मिलीची कुपी उष्णतेला टिकते, कारण तीत २०० कोटी बीजाणू असतात. पण तिचा चिंतेशी काही संबंध जोडणारा भक्कम पुरावा नाही.

दही-ताकाचं काय, हा प्रश्न येणारच. दह्याच्या प्रकारांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात योगर्टच्या दर ग्रॅमला किमान १ कोटी विरजणाचे जिवाणू असावेत असं म्हटलं आहे. म्हणजे १०० ग्रॅमची वाटी १०० कोटींची, जेबी-१च्या कॅप्सूलएवढी. संख्येच्या बाबतीत दही मुळीच कमी नाही. फरक एवढाच की घरच्या विरजणात कुठले वाण आहेत हे कुणालाच माहीत नसतं, ते घरागणिक आणि ऋतूगणिक बदलतात, आणि चिंतेसाठी त्यांची परीक्षा कुणी घेतलेली नाही. कढी उकळली की जिवंत असं काही उरत नाही. दही खावं ते दही आवडतं म्हणून. चिंतेचं औषध म्हणून त्याच्यावर भार टाकू नये.

तरीही एखाद्याला डॉक्टरांना सांगून स्वतःवर करून पाहायचं असेल, तर बेताने करावं. जीएडी-७ ही सात प्रश्नांची चिंतेची प्रश्नावली आहे, गुण ० ते २१. ५पासून सौम्य, १०पासून मध्यम, १५पासून तीव्र. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, म्हणून रोज भरण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांनी एकदा भरावी. काहीही सुरू करण्याआधी दोनदा भरून ठेवावी, कारण लोक कॅप्सूल घेतात ती सर्वांत वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचे आठवडे तसेही थोडे बरे जातात. ८ आठवड्यांत चहा-कॉफी, झोप, व्यायाम यात मोठा बदल करू नये, नाहीतर श्रेय कुणाचं हे कळणार नाही. प्रतिजैविकं सुरू असतील तर दोन्हींत निदान २ तासांचं अंतर ठेवावं. थायरॉइड आणि बी-१२ आधी तपासून घ्यावं. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास असते, आणि थायरॉइड वाढलेलं असताना धडधड-घाबरेपणा दिसतो तो हुबेहूब चिंतेसारखा. गुण १०च्या वर असतील तर संज्ञानात्मक वर्तनोपचार किंवा एसएसआरआय गटातली औषधं यांना आज तरी जिवाणू हा पर्याय नाही. चालू गोळी त्यासाठी कमी करणं किंवा सोडणं धोक्याचं आहे. मानसोपचारतज्ज्ञ हाताशी नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

काहींनी हा प्रयोग मुळीच करू नये. केमोथेरपी सुरू असलेले, प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, मोठ्या शिरेत नळी बसवलेले, अतिदक्षता विभागातले रुग्ण: यांच्या रक्तात हे एरवी निरुपद्रवी जिवाणू शिरून संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना अनेक वाणांचं मिश्रण दिलं, तर २००८च्या निकालात जिवाणू गटात १६ टक्के दगावले आणि प्लासिबोत ६ टक्के. निरोगी माणसाला हा धोका नगण्य आहे, पण आजारी माणसाला प्रोबायोटिक म्हणजे नुसतं दहीच, असं म्हणून देऊ नये.

विष्ठा प्रत्यारोपणाबद्दल हल्ली विचारणा होते. अमेरिकेत त्यापासून बनवलेल्या दोन उत्पादनांना २०२२ आणि २०२३ साली मान्यता मिळाली, ती क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जिवाणूचा वारंवार होणारा संसर्ग टाळण्यासाठी, चिंतेसाठी नाही. २०१९ साली तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) इशारा दिला होता, कारण दात्याच्या विष्ठेतून प्रतिजैविकांना न जुमानणारा ई. कोलाय दोन रुग्णांत गेला आणि त्यातला एक दगावला. दात्याची तपासणी घरी होऊ शकत नाही, त्यामुळे इंटरनेटवरच्या घरगुती कृतींकडे बघूही नये.

८ आठवड्यांनी जीएडी-७चे गुण सुरुवातीच्या दोन नोंदींच्या मानाने ४-५ अंकांनी उतरले नसतील, तर त्या वाणाचा तुमच्यापुरता निकाल लागला. पाकीट बदलून दुसरा वाण सुरू करायचाच असेल तर मध्ये निदान ४ आठवडे काहीही न घेता जाऊ द्यावेत, आणि प्रश्नावली त्याही काळात भरत राहावी.